नवे टायर बसवले, तरी स्टिअरिंग का थरथरते?

भंडारा जिल्ह्यातील लहान व्यापाऱ्याची गाडी सहसा नवी नसते. आठवडी बाजाराला कापडाचे गठ्ठे नेणारी ओम्नी, तुमसरच्या धान्यबाजारात फिरणारी बोलेरो, पवनी-लाखांदूरकडे माल पोहोचवणारी जुनी वॅगनआर किंवा मारुती ८००, अशाच गाड्यांवर धंदा चालतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले. ओम्नी आणि टाटा सुमो २०१९ साली बंद झाल्या. तरी या गाड्या आजही आपल्या मालकांना कमाई करून देत आहेत. अशा गाडीला चार नवे टायर घेणे हा लहान दुकानदारासाठी मोठा खर्च असतो. तो करून मालक नागपूरला माल आणायला निघतो, महामार्गावर गाडी ऐंशीला पोहोचते आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘वॉबलिंग’ मारते.

येथून पुढे खरा तोटा सुरू होतो. टायरवाला म्हणतो, अलाइनमेंट करा. एक मिस्त्री म्हणतो, स्टिअरिंग रॅक गेली. दुसरा म्हणतो, टायरच खराब निघाला. मालक प्रत्येकाचे ऐकतो, तीन ठिकाणी पैसे देतो आणि थरथर तशीच राहते. आमच्या मते या प्रकरणात एकच नियम पाळला तर बहुतेक खर्च वाचतो. तपासणीने दोष दाखवल्याशिवाय कोणताही सुटा भाग बदलू नये, आणि तपासणी फुकटच्या कामापासून सुरू करून महागड्या कामाकडे न्यावी. तो क्रम आम्ही येथे देत आहोत.

आधी चाकाचे नट पाहा

टायर बदलल्यानंतर लगेच सुरू झालेली आणि दर किलोमीटरला वाढत जाणारी थरथर धोक्याची असते. चाकाचे नट ढिले असण्याची शक्यता सर्वांत आधी धरावी. अशा वेळी घरी पोहोचण्याची घाई करू नये. वेग हळूहळू कमी करून गाडी रस्त्याच्या कडेला सपाट जागी घ्यावी आणि चारही चाकांचे नट व्हील पान्याने तपासावेत. ढिल्या नटांवर गाडी चालली तर नटाची भोके खाऊन मोठी होतात, स्टड तुटतात आणि चाक निघून जाऊ शकते.

नट घट्ट असूनही थरथर होत असेल तर पुढील तपासणी करावी. नट घट्ट असले तरी नवे टायर बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवून ते एकदा पुन्हा आवळणे आवश्यक आहे. रिम आणि हब यांच्यामध्ये दबलेला गंज किंवा रंग चालताना चुरतो आणि नट आपोआप सैल पडतो.

थरथर येते कुठून?

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी ओळखले जाते. खरादावर काम करणाऱ्या कारागिराला हे प्रकरण समजावून सांगावे लागणार नाही. चकमध्ये भांडे मधोमध पकडले नसेल तर हत्यार कापण्याऐवजी थडथड करते. राइस मिलमधील पट्ट्याची पुली एका बाजूने जड झाली की शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही हलू लागतात. गाडीच्या चाकाचेही तसेच आहे. फिरणारी वस्तू गोल नसेल, मधोमध बसलेली नसेल किंवा एका बाजूने जड असेल, तर ती थरथरणारच.

हा फरक किती लहान असतो ते पाहण्यासारखे आहे. मारुती ८०० च्या १२ इंची चाकात रिमच्या काठाला ३० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त आहे असे धरा. ताशी ८० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते आणि तेवढ्याच वजनाचा झटका साडेतीन किलोच्या आसपास जातो. म्हणजे सेकंदाला चौदा वेळा कोणी साडेतीन किलोचा हिसका देत आहे. ताशी ४० ला हाच झटका एक किलोपेक्षाही कमी असतो, कारण वेग दुप्पट झाला की झटका चौपट होतो. तुमसर किंवा साकोलीच्या बाजारपेठेत दिवसभर फिरणाऱ्या गाडीचा दोष म्हणूनच कळत नाही. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, त्यावर गाडी लागली की तो उघड होतो.

अनेकदा थरथर ८० ला सुरू होते आणि १०० च्या पुढे कमी होते. झोपाळ्याला लयीत धक्का दिला तर तो मोठा झोका घेतो, लय चुकली तर घेत नाही. गाडीच्या पुढच्या भागाचीही स्वतःची एक लय असते. चाकाचे फेरे त्या लयीशी जुळतात त्याच वेगाला स्टिअरिंग जास्त हलते. पुढे थरथर कमी झाली म्हणून दोष गेला असे समजू नये.

केव्हा थरथरते, यावरून आजार कळतो

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी मालकाने मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना गाडी चालवून पुढील गोष्टी लिहून काढाव्यात. या नोंदीला काहीही खर्च नाही आणि मिस्त्रीचे अर्धे काम तिच्यात होते.

१) फक्त ७० ते १०० या वेगात स्टिअरिंग थरथरते : चाकाचे बॅलन्सिंग बिघडले आहे किंवा चाक हबवर नीट बसलेले नाही.

२) २० ते ४० च्या हळू वेगातच स्टिअरिंग डावी-उजवीकडे डुलते : रिम वाकडी आहे, टायर रिमवर एकसारखा बसलेला नाही किंवा टायरच्या आतील पट्टा सुटून फुगवटा आला आहे.

३) स्टिअरिंग शांत, पण आसन आणि फरशी थरथरते : दोष बहुधा मागच्या चाकात आहे.

४) फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरते : ब्रेकची डिस्क असमान झाली आहे.

५) ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथरते आणि क्लच दाबताच थांबते : चाके बहुधा ठीक आहेत, ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट किंवा इंजिन माउंटिंग तपासावे.

६) खड्ड्यावरून गेल्यावर काही क्षण जोराने हलते आणि मग शांत होते : पुढचे जॉइंट, बुश किंवा शॉकअब्सॉर्बर झिजले आहेत.

७) गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवले तरी थरथरते : हे टायरचे काम नाही, इंजिनचे आहे.

टायर बसवतानाच राहून गेलेल्या गोष्टी

टायर बसवल्याच्या दिवसापासून थरथर सुरू झाली असेल तर संशय आधी बसवणीवर घ्यावा, गाडीवर नंतर.

पहिली तपासणी डोळ्यांची. टायरच्या बाजूला, रिमच्या काठालगत एक बारीक उभार रेषा असते. ती रिमपासून सर्व बाजूंनी सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती आत गेली असेल तर टायरचा बीड तेथे पूर्ण बसलेला नाही. हवा काढून, साबणाचे पाणी लावून टायर पुन्हा बसवावा लागतो. असा टायर कितीही बॅलन्स केला तरी डुलतच राहील. त्याच वेळी हवेचा दाबही दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे आहे का ते पाहावे. टायर बसवताना बीड बसण्यासाठी जास्त हवा भरतात आणि ती कमी करायची कधी कधी राहून जाते.

दुसरी तपासणी खडूची. सपाट जागी हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचलावे. जमिनीवर विटा रचून त्यावर खडू टायरपासून केसभर अंतरावर स्थिर ठेवावा आणि चाक हाताने फिरवावे. खडू एकाच जागी लागत असेल तर तेथे चाक उंच आहे. हीच चाचणी रिमच्या काठावर केली की वाकडेपणा रिमचा आहे की टायरचा हे वेगळे कळते. दीड मिलीमीटरच्या पुढचा फरक स्टिअरिंगवर जाणवू शकतो. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, घोडी लावल्याशिवाय तर नाहीच.

तिसरी गोष्ट हबची. जुन्या गाडीच्या हबवर गंजाचे थर असतात. रिम त्या थरावर बसली की किंचित तिरकी राहते. काढलेल्या रिमची आतली बाजू आणि हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून साफ करणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि तेच सर्वांत जास्त वेळा टाळले जाते. बाहेरून घेतलेल्या अलॉय चाकांचे मधले भोक गाडीच्या हबपेक्षा मोठे असेल तर मध्ये योग्य मापाची रिंग लागते. ती नसेल तर चाक मधोमध बसत नाही.

चौथी गोष्ट नट आवळण्याची. शेजारशेजारचे नट ओळीने आवळले तर चाक एका बाजूने ओढले जाते. समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. हवेच्या गनने अति जोर दिल्यास ब्रेकची डिस्क वाकू शकते. मग टायर बदलल्यानंतर ब्रेक दाबताना थरथर सुरू होते आणि दोष टायरच्या माथी बसतो.

पाचवी गोष्ट आपल्या धानपट्ट्याची. रोवणीच्या दिवसांत बांधीकाठच्या रस्त्याने गेलेल्या गाडीच्या रिमच्या आत चिकट चिखल भरतो आणि वाळून दगडासारखा होतो. तीस ग्रॅमचा हिशेब वर दिलाच आहे. येथे तर पावशेर माती एका बाजूला चिकटलेली असते. रिम आतून धुऊन पाहिल्याशिवाय पावसाळ्यात बॅलन्सिंगवर एक रुपयाही खर्च करू नये.

बॅलन्सिंग झाले, पण बरोबर झाले का?

यंत्राने शून्य दाखवले म्हणजे चाक बरोबर झाले, असे नेहमी नसते. यंत्राला रिमची रुंदी, व्यास आणि अंतर ही मापे बरोबर द्यावी लागतात. चाक यंत्राच्या शंकूवर तिरके बसले असेल तरी शून्य येते, पण ते त्या तिरक्या चाकाचे शून्य असते. याची परीक्षा सोपी आहे. शून्य आल्यावर चाक सैल करून शंकूवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करावे आणि यंत्र चालवावे. आकडा शून्याजवळच राहिला तर काम खरे आहे. एकदम वीस-तीस ग्रॅम दाखवले तर चाक यंत्रावरच नीट बसले नव्हते.

लहान गाडीच्या एका चाकाला ६०-७० ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागत असेल तर वजने चढवत राहू नये. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवावा. अनेक टायरच्या जड बाजूसमोर रिमची हलकी बाजू आली की वजनाची गरज निम्म्यावर येते. काही नव्या टायरवर पिवळा ठिपका असतो. ती टायरची सर्वांत हलकी जागा होय आणि ती व्हॉल्व्हजवळ ठेवायची असते. लाल ठिपका टायरची उंच जागा दाखवतो. ती रिमच्या सखल जागेशी जुळवली जाते.

अदलाबदलीची बिनखर्ची चाचणी

एवढे करूनही थरथर राहिली तर एकाच बाजूचे पुढचे आणि मागचे चाक परस्पर बदलावे. आधी डावी बाजू बदलून गाडी चालवून पाहावी, मग उजवी. थरथर स्टिअरिंगमधून आसनाकडे गेली तर दोष त्या चाकात किंवा टायरात आहे. चारही चाकांची जागा बदलून थरथर स्टिअरिंगमध्येच राहिली तर दोष गाडीच्या पुढच्या जोडणीत आहे. टायर आणि गाडी यांपैकी कोणाला पकडायचे हा वाद या चाचणीने मिटतो. चारही चाके एकाच मापाची असतील तरच ती करावी.

दोष एकाच टायरात निघाला तर त्या टायरवरचा चार अंकी शिक्का पाहावा. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. दुकानात बराच काळ पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नये. उत्पादनातील दोषावर टायर कंपन्या वॉरंटी देतात, खड्ड्यातील मारावर देत नाहीत. सबब पावती जपून ठेवावी आणि तक्रार पहिल्या काही दिवसांतच करावी. एका ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन टायर कधीही बसवू नये.

नव्या टायरने उघडा केलेला जुना आजार

अनेक मालकांचा प्रश्न असतो, जुन्या टायरवर गाडी शांत होती, मग दोष गाडीत कसा? झिजलेला टायर हलका झालेला असतो आणि रस्त्याला कमी धरतो. नवा टायर जाड, जड आणि रस्ता घट्ट धरणारा असतो. तो पुढच्या जोडणीवर जास्त जोर टाकतो. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश यांत दोन-तीन वर्षांपासून साचलेली ढिलाई तेव्हा स्टिअरिंगपर्यंत पोहोचते. टायरने ती निर्माण केली नाही, दाखवली.

ही ढिलाई हाताने कळते. पुढचे चाक जॅकवर उचलून घड्याळातील बारा आणि सहा या जागी धरून हलवावे. चाक खडखडले तर सोबतीला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. तरीही राहिली तर बॉल जॉइंट पाहावा. मग चाक तीन आणि नऊ या जागी धरून हलवावे. येथे खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक. खालून बघणाऱ्याने प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवावे. ज्या जॉइंटमध्ये बोटाला खटका लागतो तोच बदलावा. पानपट्टे आणि पुढे अखंड ॲक्सल असलेल्या जुन्या जीपमध्ये किंगपिनची झिज विशेष पाहावी. तिच्यामुळे खड्ड्यानंतर सगळे स्टिअरिंग भयंकर हलते.

अलाइनमेंटविषयी गैरसमज

अलाइनमेंट ही आवश्यक गोष्ट आहे, पण ती थरथरीवरचे औषध क्वचितच असते. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडे राहते आणि टायर एका कडेने झिजतात. चाक जड-हलके असण्याशी तिचा संबंध नाही. शिवाय जॉइंट ढिले असताना केलेली अलाइनमेंट टिकत नाही. जॉइंट बदलल्यावर ती पुन्हा करावीच लागते. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी बॅलन्सिंग, मग ढिले जॉइंट, सर्वांत शेवटी अलाइनमेंट.

समजा, साकोलीच्या एका किराणा दुकानदाराच्या जुन्या वॅगनआरला नवे टायर बसले आणि ८५ ला स्टिअरिंग थरथरू लागले. ब्रेकने फरक नाही, क्लचने फरक नाही. म्हणजे चाके. रिमची रेषा ठीक, खडू सारखा, पण हबवर गंज. गंज घासून, नट समोरासमोर आवळून थरथर अर्धी झाली. पुढचे डावे चाक मागे नेल्यावर ती आसनात आली. त्या चाकाचे बॅलन्सिंग पुन्हा करून काम संपले. सुटा भाग एकही लागला नाही. हाच दुकानदार पहिल्या दिवशी स्टिअरिंग रॅक बदलून बसला असता तर थरथर राहिलीच असती आणि पैसे गेले असते.

टायर दुकानदार आणि मिस्त्री बंधूंना

टायर, पंक्चर आणि गॅरेजच्या धंद्यात आपले अनेक बंधू आहेत. त्यांच्यासाठी या विषयाची दुसरी बाजू आहे. थरथरीची तक्रार घेऊन परत आलेला ग्राहक हा भांडायला आला आहे असे समजू नये. त्याच्यासोबत आधी पाच किलोमीटर गाडी चालवावी, कोणत्या वेगाला काय होते ते त्याच्यासमोर वहीत लिहावे आणि मगच जॅक लावावा. हब घासणे, बीडची रेषा पाहणे, नट हाताने सुरू करून शेवटी चाक जमिनीवर टेकल्यावर पान्याने आवळणे आणि ‘शंभर किलोमीटरनंतर नट आवळायला या’ असे सांगणे, या चार सवयींना भांडवल लागत नाही. बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा आणि त्यातला खेळ त्याला दाखवावा. मोठ्या शोरूमच्या यंत्रांशी लहान दुकानाची बरोबरी होणार नाही. पण ज्या मिस्त्रीने विनाकारण एकही भाग बदलला नाही, त्याचे नाव लाखनीपासून भंडाऱ्यापर्यंत ग्राहक स्वतःच पोहोचवतात.

थोडक्यात क्रम असा : नट, चिखल, हवेचा दाब, बीडची रेषा, हबचा गंज, बॅलन्सिंग, चाकांची अदलाबदल, जॉइंट आणि बेअरिंग, आणि अखेरीस अलाइनमेंट. यातील पहिल्या पाच गोष्टींना जवळजवळ पैसे लागत नाहीत. खाजगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती आरटीओत तपासणीला न्यावीच लागते. तेव्हा पुढची जोडणी घट्ट आणि टायर सारखे झिजलेले असतील, तर आज केलेली ही मेहनत त्या दिवशीही कामाला येईल. हा क्रम कापून गाडीच्या कप्प्यात ठेवावा आणि पुढच्या वेळी टायर बदलताना दुकानदाराच्या शेजारी उभे राहून एकेक गोष्ट पाहून घ्यावी.